उपाशी आतड्याला पाजलेली खळ

ज्यांच्या पोटावर डॉक्टरांनी एक जास्तीचं तोंड काढून दिलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त जेवताना वाचू नये. मी नागपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. पचनसंस्थेचा धडा माझ्या खास आवडीचा. त्यामुळे आजार झाला तो नेमका पोटाचा, आणि त्यात जेवढा मूर्खपणा करता येईल तेवढा मी स्वतःच्या हातानं, अभ्यासपूर्वक केला. तो दुसऱ्या कुणाला करावा लागू नये, एवढाच या लिहिण्याचा हेतू.

एरंडेल

पोट दुखायला लागलं तेव्हा शाळेत स्नेहसंमेलन चालू होतं. दुपारी कोथिंबीर भरून तळलेल्या पुडाच्या वड्या जरा सढळ हातानं खाल्ल्या होत्या. मी ताबडतोब निदान केलं: गॅस. सोडा प्यायलो. मग शिक्षकांच्या खोलीत दोन टेबलं जोडून त्यावर पवनमुक्तासन केलं. आमचे ड्रिलचे मास्तर दारातून डोकावले आणि दार लोटून गेले.

घरी आलो तोवर पोट ढोलासारखं ताणलेलं. वरून ढेकर नाही, खालून वारा नाही. माझी बायको कमल म्हणाली, "दवाखान्यात चला."

"मी विज्ञान शिकवतो, कमल."

"शिकवता न. मंग? तुमी मास्तर आहा, डॉक्टर नाही."

मी तिला समजावून सांगितलं की अडकलेली नळी मोकळी करायला मागून जोर लावावा लागतो, आणि घसघशीत एरंडेल प्यायलो. आतड्याला पीळ पडलेला असताना एरंडेल घेणं म्हणजे बंद फाटकावर मालगाडी सोडणं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे सर्जननी, पोट ठोकून पाहिलं, एक्स-रे उजेडात धरला आणि विचारलं, "घरी काही घेतलं होतं?"

"एरंडेल."

"शाब्बास," ते म्हणाले, आणि नर्सला थिएटर तयार करायला सांगितलं.

जागा झालो तेव्हा

शुद्धीवर आलो तेव्हा कमल स्टुलावर बसलेली होती. तिनं मला सगळं अगदी सपाट आवाजात सांगितलं, जणू शेजारणीचा निरोप देत होती. "पीळ पडलेला तुकडा काळा पडला होता म्हणे. कापून फेकला. बाकीचे दोन टोकं पोटाच्या बाहेर काढून ठेवले हायेत. आतली सूज उतरली की जोडतील."

मी चादर वर करून पाहिलं. डाव्या बाजूला दोन तोंडं. लालभडक, ओली, टमाट्याच्या फोडीसारखी. वरच्या तोंडातून पुढं सगळं बाहेर, पोटाला लावलेल्या पिशवीत, येणार होतं. खालचं तोंड बिनकामाचं. तिथून गुदद्वारापर्यंतचा भाग नुसता पडून.

लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत ठेवलेला बेडूक पाहावा तसं मी माझ्याकडे पाहिलं. बरणीवर चिठ्ठी तेवढी नव्हती. ते न वाटणं पुढं बरेच महिने माझ्याबरोबर राहिलं. तुम्हालाही तसंच होत असेल तर घाबरू नका, आणि मुद्दाम रडायचा प्रयत्नही करू नका. मी करून पाहिला. नुसते टाके ओढले गेले.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर शंकर म्हणून एक माणूस होता, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर काम करणारा. त्याचंही पोट उघडलेलं होतं. सकाळी सिस्टर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत जायची, "वारा सरला का?" ज्याचा सरला त्याला चहा. ज्याचा नाही त्याला सलाईन. माझ्याकडे आली की ती तो प्रश्न गिळायची, कारण मी उत्तर कुठून देणार हा प्रश्नच होता.

शंकर म्हणायचा, "मास्तर, तुमचं बरं हाय गा. तुमाले चहा फुकटात."

"तुमचं काय झालं?"

"वाट पाहून राहिलो. आमच्या बॉयलरले इतका टाइम लागत नाही प्रेशर बनवाले."

ज्या सकाळी त्याचा वारा सरला त्या सकाळी अख्ख्या वॉर्डाला कळलं. त्यानं त्याच्या चहातला अर्धा मला दिला. माझी पिशवी नीट बसली नव्हती, वास येत होता, आणि तो माझ्या खाटेच्या कडेला बसून बशीत चहा ओतून देत होता. तेवढं लक्षात राहिलं आहे.

पगारी रजा

घरी आलो ते कमरेला पट्टा आणि पट्ट्याला रबरी पिशवी अडकवून. मी माझं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं. कमल म्हणाली, "काहून?" मी म्हणालो, "हवा चांगली आहे." त्या खोलीला खिडकी नव्हती. ती पुढं काही बोलली नाही आणि मीही नाही. आमच्या घरात त्या काळात न बोललेल्या गोष्टींची थप्पी लागली होती, आणि आम्ही दोघं ती न पाडता तिच्या बाजूनं ये-जा करत होतो.

सावनेरहून मोठे भाऊ आले. संत्री घेऊन आले, आणि माझ्या समोर बसून कमलला विचारू लागले, "याच्या नोकरीचं कसं? पोराइच्या पुढं उभा राहू शकते का हा?"

मी म्हणालो, "दादा, मी इथंच आहे."

"मालूम हाय न बे. म्हणूनच पुसून राहिलो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की खालच्या तोंडातून रबरी नळीनं अधूनमधून मिठाचं कोमट पाणी सोडायचं, आतला भाग धुऊन निघतो. एनिमाचा डबा कॅलेंडरच्या खिळ्याला टांगून मी ते करायचो. या कामात मी वाकबगार झालो होतो. आणि माझं मत असं होतं की खालचं आतडं सध्या रजेवर आहे. भरपगारी. खायचं नाही, राबायचं नाही, आठवड्याला अंघोळ. ते मस्त सुधारत असणार.

ते सुधारत नव्हतं. खालून, म्हणजे देवानं दिलेल्या वाटेनं, शेंबडासारखं काही आणि त्याबरोबर रक्त यायला लागलं. आधी थेंब, मग डाग, मग त्याहून जास्त. मी निदान केलं: मूळव्याध. माझी निदानं कशी असतात ते आतापर्यंत तुमच्या ध्यानात आलंच असेल.

जोडायच्या आधीच्या तपासणीला गेलो. सर्जननी खालून नळी घालून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात धुताना म्हणाले, "अस्तर सोलल्यासारखं झालंय. बोट लावलं की रक्त. असं असताना जोडता येणार नाही."

"मग कधी?"

"हा आतड्याचा दुसराच आजार असू शकतो. तो असेल तर खालचा भाग ठेवण्यात अर्थ नाही. काढून टाकावा लागेल."

"आणि पिशवी?"

"पिशवी मग कायमची." त्यांनी टॉवेल खुंटीला लावला. "पण आधी मेडिसिनच्या बाईंना दाखवा. त्यांचं मत घेऊ."

मी बाहेर आलो. रस्त्यावर बोरं विकायला बसली होती एक बाई. मी बोरं घेतली. निवडून घेतली, एकेक दाबून. कायमची पिशवी मिळालेला माणूस बोरं निवडून कशी घेतो, ते मला आजही सांगता येत नाही. घरी कमलनं विचारलं, "काय म्हणले?" मी तिच्या हातात बोरं दिली आणि मग सांगितलं. तिनं बोरं धुतली. आम्ही दोघांनी खाल्ली. बिया एका बशीत ठेवल्या.

पुस्तकाला नमस्कार

मेडिसिनच्या डॉक्टर म्हणजे पाठक बाई. माझ्याच वयाच्या, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि बोलणं असं की रुग्णानं हसावं की माफी मागावी ते कळू नये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद चाळले आणि विचारलं, "मास्तर, मोठं आतडं काय काम करतं?"

मी सरळ बसलो. हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालायचो.

"पाणी शोषून घेतं आणि न पचलेला भाग साठवतं."

"आणि?"

"पुस्तकात एवढंच आहे."

"मग पुस्तकाला माझा नमस्कार सांगा." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "हे पाहा. भातात, भाकरीत, बटाट्यात पिष्ट असतं. बहुतेक सगळं वर, लहान आतड्यात पचून जातं. पण सगळं नाही. काही पिष्ट इतकं घट्ट असतं की आपले पाचक रस त्याच्यावर चालत नाहीत. भात शिजून निवला की त्यातलं थोडं आणखी घट्ट होतं. हे उरलेलं खाली उतरतं. आणि खाली कोण असतं?"

"जंतू."

"कोट्यवधी. ते या पिष्टाला आंबवतात. आपण वड्याचं पीठ भिजवून आंबवतो तसंच समजा. आंबवताना वायू होतो, तो तुमच्या परिचयाचा आहे."

"आहे."

"आणि आम्लं होतात. एक सिरक्यातलं, एक खवट लोण्याला वास येतो ना, त्यातलं, अशी दोन-तीन. छोटी मेदाम्लं. आता गंमत अशी की मोठ्या आतड्याचं जे आतलं अस्तर आहे, त्याच्या पेशी मुख्यतः त्या खवट लोण्याच्या आम्लावर जगतात. बाकीचं शरीर रक्तातून जेवतं. हे अस्तर बरंचसं आतल्या बाजूनं जेवतं. जंतूंच्या हातचं."

मी विचारलं, "आणि माझा खालचा भाग?"

"तिथं वरून काही येतच नाही. जंतूंना पिष्ट नाही, म्हणून आम्ल नाही, म्हणून अस्तराला जेवण नाही. माझा अंदाज असा, की तो भाग आजारी नसेल. उपाशी असेल. वाट जोडून दिली की आपोआप भरून येईल."

मला तेव्हाही आनंद वगैरे झाला नाही. पण माझ्या मनात भरपगारी रजेवर असलेला जो माणूस होता, तो एकदम खोलीत कोंडून ठेवलेला, दार वाजवणारा माणूस झाला.

"मी अंदाज म्हटलं," बाईंनी बोट वर केलं. "सर्जन म्हणतात तेही खरं निघू शकतं. पुढच्या आठवड्यात या. अस्तराचा छोटासा तुकडा काढून तपासू. तो दुसरा आजार निघाला तर काढणं आलं. नुसती सूज निघाली तर मी जोडायसाठी त्यांच्याशी भांडेन. तोवर काही करू नका. काहीही."

मी मान हलवली. शाळेत वीस वर्षं पोरांना मान हलवताना पाहिलं आहे. त्या हलवण्याचा अर्थ काय असतो ते मला ठाऊक असायला हवं होतं.

खळ

रविवार होता. कमलनं सुती साड्यांसाठी आणि माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांसाठी तांदळाच्या पिठाची खळ शिजवून ओट्यावर निवत ठेवली होती. ती शेजारी पापड लाटायला गेली. मी ओट्यासमोर उभा राहिलो.

माझा विचार असा चालला. उपाशी माणसाला जेवायला मिळालं पाहिजे. वरून जेवण जाऊ शकत नाही. पण दाराला नळी लावलेली आहे, आणि ती घालायला मला येते. खळ म्हणजे काय? शुद्ध पिष्ट. शिजवलेलं. निवलेलं. बाईंनी सांगितलं त्या सगळ्या गुणांनी युक्त. तपासणीच्या आधी आठवडाभर जर अस्तराला रोज जेवण मिळालं तर ते भरून येईल, तुकडा चांगला निघेल आणि पिशवी जाईल. यात चूक काय आहे? मी दोनदा उजळणी केली. चूक सापडली नाही.

खळ मलमलच्या फडक्यातून गाळली. कोमट पाण्यानं पातळ केली. डबा खिळ्याला टांगला. खालच्या तोंडाभोवतीची कातडी पट्ट्यानं सोललेली होती, तिला सकाळीच मी टिंक्चर आयोडीन लावून ठेवलं होतं; शाळेच्या प्रथमोपचार पेटीचा प्रमुख मीच, आणि सोललं की टिंक्चर, हा माझा नियम. नळी घातली. खळ हळूहळू उतरत गेली. डबा रिकामा झाल्यावर नळी काढली, थोडी खळ परत ओघळली तिच्यावर कापूस दाबला, गादीवर उताणा पडलो आणि आत पंगत बसली आहे अशी कल्पना करत छताकडे पाहत राहिलो.

कमल परत आली. "अहो, पट्टा बदलायचा हाय न?" असं म्हणत तिनं कापूस बाजूला केला. आणि तिचा हात तिथंच राहिला.

"काय झालं?"

ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, "काळं पडलं."

मी मान उचलून पाहिलं. खालच्या तोंडाभोवती सगळं निळं-काळं झालेलं होतं. कापूस काळा. चादरीवर ओघळ काळा. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दाराबाहेर तिला हाच शब्द सांगितला होता, आतडं काळं पडलंय. तिनं तो तेव्हापासून जपून ठेवला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

आणि मी? मला वाटलं, सडायला लागलो. त्यावर दुसरा विचार आला तो असा, की प्रयोगशाळेची किल्ली माझ्याच खिशात राहिली आहे, ती शाळेत पोचवायला हवी. बस. एवढेच दोन विचार.

रिक्षात कमलनं माझा हात धरला नाही. तिनं रिक्षाचा दांडा धरला होता, बोटं पांढरी होईस्तोवर. भर दुपार, रस्ता रिकामा. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "तुमी काही केलं तर नाही?"

"नाही," मी म्हणालो.

बटाट्याची फोड

त्या दिवशी दवाखान्यात पाठक बाईंचीच ड्यूटी होती. त्यांनी चादर काढली, वाकून पाहिलं आणि कापसाचा बोळा ओला करून काळ्या कातडीवरून फिरवला. कातडी खालून लाल निघाली, नेहमीसारखी. बोळा निळा झाला. त्यांनी तो खिडकीकडे धरला.

"मास्तर, टिंक्चर लावलं होतं?"

"हो."

"बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं की काय होतं?"

मी वर्गातल्यासारखं उत्तर दिलं. "निळं-काळं होतं."

"कशामुळे?"

"पिष्टामुळे." आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडता मला समजलं. दरवर्षी पावसाळा संपला की मी हा प्रयोग करून दाखवायचो. बटाटा, आयोडीन, पोरांचा गोंगाट. आणि तोच रंग स्वतःच्या पोटावर पाहून मी मरायला निघालो होतो.

"मग मास्तर, हे पिष्ट तुमच्या पोटावर कुठून आलं?"

मी कमलकडे पाहिलं. कमलनं माझ्याकडे पाहिलं.

"माझी खळ?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"पातेलं रिकामं दिसलं तवा मले वाटलं मांजरीनं सांडवलं. तुमी पोटात टाकली? साडीची खळ?"

"गाळून घेतली होती," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला. हसत होत्या की काय ते मला ठरवता आलं नाही. कमल मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "बाई, यायले इथंच ठेवा. घरी पाठवू नका. मी आता नाही पाहू शकत याइच्याकडे."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती थकली होती.

मला ठेवून घेतलं. संध्याकाळकडे पोटात खाली कळा यायला लागल्या, पोट फुगलं, आणि मग बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा खऱ्या वाटेनं वारा सरला. पाठक बाई फेरीवर होत्या. मी त्यांना सांगितलं, जरा लाजत.

"म्हणजे जंतू आहेत तिथं," त्या म्हणाल्या. "खायला मिळालं तर कामाला लागतात." मग आवाज बदलून म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्ही शहाणे ठरलात असा नाही. पुढच्या तपासणीत सूज जास्त दिसली तर ती आजाराची की तुमच्या खळीची, हे आता कोण सांगणार? सर्जन मला विचारतील. मी काय सांगू?"

मला त्या क्षणी प्रथमच भीती वाटली. छातीत नाही, पायांत.  माझ्या हातानं मी पिशवी कायमची करून घेतली असू शकेन, हे मला तिथं, वायू सरल्याच्या आनंदाच्या जागी, समजलं.

खाटेच्या पायथ्याशी

सर्जन दुसऱ्या दिवशी आले. ऐकून घेतलं. म्हणाले, "मास्तर, पाणी घालायची इतकी हौस असेल तर घरी बगिचा लावा." सिस्टरला सांगितलं की रबरी नळी काढून घ्या यांच्याकडून. मग माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून दोघं डॉक्टर बोलू लागले, मी तिथं नसल्यासारखे. त्याची मला आता सवय झाली होती.

"मी थांबणार नाही फार. असल्या पेशंटच्या भरवशावर हे आतडं ठेवायचं?"

"पेशंट तसा आहे म्हणून आतडं काढायचं का?"

"आणि पुन्हा रक्त आलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते. पण आधी तुकडा पाहू. काही दिवस जाऊ द्या, खळ निघून जाऊ दे."

काही दिवस गेले. तुकडा काढला. तो तपासून यायला वेळ लागला, आणि त्या वेळात मी काहीही केलं नाही. ही माझ्या आजारपणातली एकमेव गोष्ट जी मी बरोबर केली. कमल रोज डबा घेऊन यायची, ठेवायची, जायची. एके दिवशी ती जाता जाता म्हणाली, "साड्या बिनखळीच्याच नेसून राहिले." मी म्हणालो, "बरं दिसते." ती म्हणाली, "खोटं नका बोलू. पोतेरं दिसते." पण त्या दिवशी ती थोडा वेळ जास्त बसली.

उत्तर आलं. त्या दुसऱ्या आजाराची खूण नव्हती. नुसती सूज होती, पण भरपूर होती. सर्जन म्हणाले, "मी जोडतो. पण स्वच्छ सांगतो. जोडल्यावर अन्न त्या वाटेनं जाईल आणि तरी रक्त थांबलं नाही, तर पुन्हा उघडून खालचं काढावं लागेल. मग पुन्हा विचारू नका."

"नाही विचारणार," मी म्हणालो.

"हे मास्तरांना सांगत नाहीये मी," ते म्हणाले. "बाईंना सांगतोय." आणि कमलकडे पाहिलं.

कमल म्हणाली, "जोडा."

निवलेला भात

जोडलं. दोन तोंडांच्या जागी एक शिवण राहिली. लोक भेटायला आले, पेढे मागितले. मी हसलो, जसं फोटोवाल्यानं सांगितल्यावर हसतात.

पाठक बाईंनी जेवणाचं सांगितलं ते साधं होतं. सगळं वरच पचून जाईल असं मऊ, गरम, पांढरं तेवढंच खात बसू नका. खालीही काही पोचू द्या. निवलेला भात, रात्रीची भाकर, उकडून थंड केलेला बटाटा, डाळी, कच्च्या केळाची भाजी. हळूहळू, सोसेल तसं.

माझ्या घरी हा मोठा विनोद झाला. गरम पोळी ताटात पडली नाही तर ताट सारणारा माणूस मी. कमलनं पहिल्या दिवशी माझ्यासमोर सकाळचा भात दह्यात कालवून ठेवला आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"थंड हाय," ती म्हणाली.

"चालते."

"बायको मेली तरी थंड भात खाणार नाही म्हणत होते."

"आता जंतूंसाठी खाऊन राहिलो."

"जंतूंचं नशीब," ती म्हणाली आणि आत गेली.

पण रक्त लगेच थांबलं नाही. कमी झालं, मग एखादा दिवस नाही, मग पुन्हा एक डाग. मी रोज सकाळी पाहायचो. कमल रोज सकाळी मोरीच्या बाहेर काही ना काही काम काढून उभी असायची, बादली घासत, किंवा नुसती. विचारायची नाही. मी बाहेर आलो की माझ्या चेहऱ्याकडे पाहायची, आणि माझ्या चेहऱ्यावर तर काहीच नसायचं, चांगलं असलं तरी नाही आणि वाईट असलं तरी नाही. तिला त्यातून काय वाचता येणार? हे मला खूप उशिरा सुचलं. मग मी बाहेर येऊन मान हलवायला लागलो. होकारार्थी किंवा नकारार्थी. ती तेवढ्यावर बादली उचलायची.

मधेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती विसरली तर हे लिहिण्याचा उपयोग नाही. पोटावरच्या तोंडात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही सोडू नका. भलं सुचलेलं तर अजिबात नाही. खालून रक्त आलं तर त्याला स्वतःच मूळव्याध म्हणू नका. आणि तुमच्या घरात जे माणूस पट्टा बदलतं, त्याला काय केलं आहे ते आधी सांगा. काळं दिसण्यापूर्वी सांगा.

गुलाबी

ठरलेल्या दिवशी सर्जननी पुन्हा खालून नळी घातली. मी कुशीवर, गुडघे छातीशी, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या मागं शिकणारी मुलं उभी होती. भिंतीचा रंग पोपडे धरत होता, एक पोपडा निघायच्या बेतात होता, मी तो पाहत होतो. निघाला तर वाईट बातमी, नाही निघाला तर चांगली, असं काहीतरी मी ठरवून टाकलं. मग ठरवलेलं बदललं. मग ठरवणंच सोडलं.



"इकडे या," सर्जन मुलांना म्हणाले. "मागं काय सांगितलं होतं मी? हात लावला की रक्त. आता पाहा. गुलाबी आहे."

एकेकानं डोळा लावून पाहिलं. शेवटी पाठक बाईंनी पाहिलं. त्या वाकलेल्याच म्हणाल्या, "जेवलेलं दिसतंय."

"हं," सर्जन म्हणाले. त्यांनी नळी काढली. "मास्तर, उठा. सहा महिन्यांनी दाखवा. काढायचं कारण नाही."

मी कपडे केले.  बाहेर लांब बाकावर कमल बसलेली होती, मांडीवर पिशवी. मला पाहून उठली नाही.

"काय म्हणले?"

"गुलाबी हाय म्हणे."

"म्हणजे?"

"म्हणजे काढणार नाहीत. झालं."

तिनं पिशवीचे बंद सारखे केले. पुन्हा सोडले, पुन्हा सारखे केले. मी तिच्यासमोर उभा होतो आणि आत काही हलतं का याची वाट पाहत होतो. आनंद, रडू, देवाचं नाव, काहीही. मला वाटलं आता येईल. लोकांना येतं.

"असे उभे काहून?" ती म्हणाली. "बरं वाटत नाही का?"

"भूक लागली," मी म्हणालो.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एरंडेल प्यायलो त्या रात्रीपासून मी जेवत होतो ते घड्याळाकडे पाहून. भूक लागली, हे वाक्य मी तेव्हापासून एकदाही म्हटलं नव्हतं. मला ते माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

तिचे डोळे भरून आले. ते तिनं पदराच्या टोकानं, जरा रागारागानंच, पुसले. मग उठली आणि माझ्यासाठी न थांबता फाटकाकडे चालू लागली. चार पावलांवर जाऊन मागं वळली.

"भाजी केली नाही अजून घरी. वांगे चालतील?"

"चालतील," मी म्हणालो, आणि तिच्यामागं जरा घाईनंच निघालो.